नाईटच्या आठवड्यातला रविवार

झाकण ओट्यावरून निसटलं.

स्टीलच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं की एकदा आपटून गप्प बसत नाही. ते कडेवर उभं राहतं, गिरक्या घेतं, आणि गिरकी जसजशी लहान होत जाते तसतसा त्याचा आवाज चढत जातो. रूपालीचे दोन्ही हात कणकेत होते. ती जागच्या जागी थिजली आणि तिनं बेडरूमच्या दाराकडं पाहिलं. तेवढ्यात कोपऱ्यात चित्र रंगवत बसलेली शालू उठली, मोजे घातलेल्या पायांनी फरशीवरून घसरत आली आणि पळती कोंबडी धरावी तशी पोटावर त्या झाकणावर पडली.

आवाज थांबला.

आत पलंग करकरला. कुणीतरी कूस बदलली. मग पुन्हा पंख्याची घरघर तेवढी उरली.

शालूनं पोटाखालून झाकण काढलं, प्रसाद द्यावा तसं दोन्ही हातांनी आईला दिलं आणि कुजबुजली, "नाही उठले."

"शहाणी गं माझी बाय," रूपालीही कुजबुजली, आणि पिठाच्या हाताचं मनगट तिच्या गालाला घासलं.

सुजितचा नाईटचा आठवडा चालू होता. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातून तो बोईसरला आला तो एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात. तिथं तो ऑपरेटर. कारखाना रात्र मानत नाही आणि रविवारही मानत नाही. एक आठवडा सकाळची पाळी, एक दुपारची, एक रात्रीची. आणि कुणी दांडी मारली की नाईटचा आठवडा लांबून दुसऱ्या आठवड्यात घुसायचा. सगळं गाव कामाला लागतं तेव्हा सुजित घरी येऊन आडवा व्हायचा, आणि दोन खोल्यांचं ते घर त्याच्याभोवती श्वास धरून बसायचं.

रूपालीनं त्याची सगळी व्यवस्था लावली होती. दारावरच्या बेलची वायर काढून ठेवलेली. कुकर बंद, डाळ पातेल्यात शिजवायची. चटणी वाटायची असली की मिक्सरचं भांडं पदराखाली धरून खालच्या मजल्यावर स्वातीकडं जायचं. टीव्ही लावायचा तो मुका. मालिकेतली सासू सुनेला नेमकं काय बोलली ते रूपालीला दुसऱ्या दिवशी स्वातीकडून कळायचं, आणि बऱ्याचदा तिला वाटायचं, आपल्या मनानं जुळवलेले संवाद त्यापेक्षा बरे होते.

हे सारं उगाच नव्हतं. गेल्या श्रावणात वरच्या मजल्यावर फरशी बदलायचं काम निघालं. दिवसभर ड्रिल. सुजितला आठवडाभर धड झोप नाही. आणि एका पहाटे कारखान्यात उभ्या उभ्या त्याचा डोळा लागला, हात वाफेच्या पाइपला टेकला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली. 'थोडक्यात निभावलं' असं सगळे म्हणाले. रूपालीनं मात्र तेव्हापासून नवऱ्याच्या झोपेकडं चुलीवरच्या दुधाकडं पाहावं तसं पाहायला सुरुवात केली. नजर हटली की उतू जाईल.

मोठ्या माणसाला गप्प बसवता येतं. साडेपाच वर्षांच्या पोरीला कसं बसवणार? रागावलं असतं तर ती रडली असती, म्हणजे आणखी आवाज. म्हणून रूपालीनं खेळ काढला. मांजरीचा खेळ. आपण दोघी मांजरी. मांजर पाऊल न वाजवता चालते, मांजर ओरडत नाही, कानात बोलते. जी मोठ्यानं बोलेल ती कुत्रा झाली, तिच्यावर डाव.

पहिल्या दिवशी शालूवर सारखा डाव आला. दुसऱ्या दिवशी कमी आला. आणि मग पुढं कधी आलाच नाही. पोर त्या खेळात इतकी तरबेज झाली की रूपाली येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, "आमची शालू म्हणजे अगदी समजूतदार. घरात आहे का नाही कळत नाही."

सकाळी सुजित झोपला की दोघी बाहेर पडायच्या. चपला हातात घेऊन जिना उतरायचा, फाटकाशी आल्यावर पायात घालायच्या, आणि कॉलनीच्या कडेच्या बागेत जायचं. बाग म्हणजे फार काही नव्हती. सिमेंटच्या ठोकळ्यांची एक वाट गोल फिरलेली, गुलमोहराची झाडं, एक घसरगुंडी, कुरकुरणारे दोन झोके. वारा कारखान्यांकडून आला की आंबूस वास यायचा. समुद्राकडून आला की नाही यायचा. पण त्या वाटेला वळलं की रूपालीच्या खांद्यावरून काहीतरी खाली उतरायचं. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन लांबून आलेल्या बाईनं तो उतरवावा आणि मान दोन्हीकडं फिरवावी, तसं. ती भरभर फेऱ्या मारायची. फोन काढून आईशी अगदी घसा मोकळा सोडून बोलायची. पलीकडून आई म्हणायची, "अगं हळू, मी बहिरी नाय झाले अजून." तासाभरात ती माणसात यायची आणि मग परत जाऊन मांजर व्हायला तयार असायची.

तिला वाटायचं, बागेत आलं की दोघींचंही भागतं.

संक्रांत होऊन गेल्यावर शाळेतून बोलावणं आलं. बालवर्गाच्या मोनाली मॅडम चांगल्या होत्या, मायाळू होत्या. त्यांनी रूपालीला लहान मुलांच्या खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "घरी बोलते ना हो शालिनी?"

"बोलते की. बडबड नुसती."

"वर्गात ओठ हलतात तिचे. उत्तरंही बरोबर असणार, कारण वहीत सगळं बरोबर लिहिते. पण आवाजच येत नाही. कविता म्हणताना मी अगदी तोंडाशी कान नेला तरी..." मॅडम थांबल्या. "पहिलीत साठ मुलं असतात. तिथं कोण कान नेणार? मला वाटतं, एक वर्ष इथंच ठेवू या का? किंवा कुणा डॉक्टरांना दाखवता का एकदा?"

"लाजते ती," रूपाली हसून म्हणाली. "सुटेल लाज."

पण घरी येईपर्यंत ते हसू कुठं तरी सांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत हास्यक्लबची मंडळी जमली होती. निवृत्त झालेली आठ-दहा माणसं, आणि त्यांचे म्होरके बळवंतकाका. काका वीज केंद्रातून निवृत्त झालेले, पोटानं भरभक्कम. ते दोन्ही हात आभाळाकडं करायचे आणि आरोळी द्यायचे, "हो हो! हा हा हा!" मागून सगळे. त्यात एक आजी अशा होत्या की त्यांना खरंच हसू यायचं, आणि एकदा आलं की थांबायचं नाही, मग बाकीचे व्यायाम सोडून त्यांच्याकडं बघून हसत सुटायचे.

शालू कुंपणाशी उभी राहून बघत होती. रूपाली फेरी पुरी करून वळली तेव्हा तिला लेक पाठमोरी दिसली. खांदे गदागदा हलत होते. रडतेय की काय म्हणून ती धावली, पुढं आली, वाकून बघते तर पोर हसत होती. तोंड उघडलेलं, पडलेल्या दाताची खिडकी दिसतेय, डोळ्यांत पाणी आलंय, पोट धरलंय. आणि आवाज नाही. कणभरसुद्धा नाही. घरातल्या त्या मुक्या टीव्हीवर माणसं हसतात, तसं.

रूपाली तिच्यापुढं उकिडवी बसली. "शालू, मोठ्यानं हास की गं. इथं बाबा कुठं आहेत?"

शालूनं हसणं थांबवलं. आईला काय हवंय ते तिला खरोखरच कळेना. मग कानाशी येऊन ती कुजबुजली, "आई, हे मोठ्यानंच आहे."

त्या संध्याकाळी सुजित उठून चहा घेत होता तेव्हा रूपालीनं त्याला सगळं सांगितलं. शाळेचंही आणि बागेचंही. सांगताना तिचा आवाज आपोआप खाली गेला, आणि ते लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच चीड आली.

सुजितनं कप खाली ठेवला. "शालूबाई, इकडं या. माझ्या कानात ओरडा बघू. कान फुटला पाहिजे."

शालू आनंदानं त्याच्या मांडीवर चढली, हातांचा द्रोण करून त्याच्या कानाला लावला, आणि फुंकर घालावी तशी म्हणाली, "बाबाऽ."

"आई गं! मेलो! फुटला कान!" म्हणत तो गादीवर कोसळला. शालू तसलीच बिनआवाजाची हसली. आडवा पडलेला सुजित तिच्याकडं बघत राहिला, आणि त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू निवत गेलं.

"माझ्यापायी झालं हे," तो म्हणाला.

"तुमच्यापायी कसं? खेळ मी शिकवला."

"तुम्ही दोघी गावाला जाता का महिनाभर?"

"आणि शाळा? आणि तुम्ही काय खाणार, कँटीनचा पुलाव? गेल्या वेळी आम्लपित्तानं लोळत होतात."

सुजित उठून बसला आणि त्यानं उरलेला चहा संपवला.

"बरं, निदान रविवारी तरी कुठं तरी जाऊन या," सुजित शेवटी म्हणाला. "लांब नको. सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. मी झोपतो इथं, घर माझं एकट्याचं. मीही जरा मनसोक्त घोरून बघतो."

"तुम्ही रोजच मनसोक्त घोरता."

"ते तू ऐकतेस तरी. बोलू तर देत नाहीस कुणाला."

मिक्सरचं भांडं घेऊन रूपाली खाली गेली तेव्हा स्वातीला तिनं हे सांगितलं. स्वाती मूळची दातिवऱ्याची, मच्छीमारांच्या घरची. लग्नानंतर बोईसरला आली, पण तिचा आवाज काही आला नाही, तो किनाऱ्यावरच राहिला होता. इथं ती नुसतं 'ये' म्हणाली तरी तिसऱ्या मजल्यावरचे लोक दार उघडायचे.

"मग माझ्या आईकडं चल की!" स्वाती मिक्सरच्या वरताण ओरडली. "रविवारी मी जातेच आहे. आमच्याकडं हळू बोलायची सोयच नाय!"

रविवारी सकाळी सुजितचा फोन आला. त्याच्या जागी येणारा माणूस आलाच नव्हता. डबल ड्यूटी पडली होती. तो दुपारनंतर सुटणार, घरी येऊन झोपणार आणि रात्री पुन्हा जाणार. रूपालीनं घातलेली चप्पल काढली. "मग मी थांबते."

"थांबून काय करणार? मी घरात नाही, मी झोपलेलो नाही, आणि तरी तुम्ही दोघी कुजबुजत बसणार," सुजित म्हणाला. मागं कारखान्याची घरघर चालू होती आणि तो त्या आवाजाच्या वरताण ओरडत होता. "जा. डबा ठेव ओट्यावर. नाही गेलीस तर भांडीन."

ती गेली.

लोकलनं सफाळ्याला उतरून त्यांनी दातिवऱ्याची एसटी धरली. गाडी वाड्यावस्त्यांतून, मिठागरांच्या कडेनं, ताडांच्या रांगांतून खडखडत निघाली. शालू खिडकीशी बसून बघत होती, आणि काही नवं दिसलं की आईची मान खाली ओढून कानात सांगत होती. बगळा. म्हशी. उलटी होडी. पुढच्या बाकावरून स्वाती म्हणाली, "काय गुपितं चाललीत? आमालाबी सांगा." शालूनं तोंड आईच्या ओढणीत खुपसलं.

स्वातीची आई, हिरामावशी, अंगणात उभी होती. उन्हानं रापलेली, काटक, आणि आवाज असा की एसटीतून उतरतानाच ऐकू आला. "आली काय गो? किती वेळ लावला! भाकऱ्यांचा पीठ वाट बघून झोपला!"

तिनं शालूची हनुवटी धरली. "नाव काय तुझा?"

शालूचे ओठ हलले.

"काय?"

पुन्हा हलले.

"घसा बसलाय काय हिचा?"

"लाजते हो मावशी," रूपाली घाईनं म्हणाली.

"लाजू दे. पण बाय, आमच्यात हळू बोलणारा माणूस म्हणजे एक तर आजारी हाय, नायतर त्यानं कुणाचा तरी मासा चोरलाय. तू काय केलंस?" असं म्हणून ती स्वतःच खदाखदा हसली. "इथं वारा किती हाय बघ. शेजारणीला हाक मारायची तरी होडीला मारल्यासारखी मारायला लागते."

अंगणापलीकडं, वाळूत, बांबूंच्या वलांडी उभ्या होत्या आणि त्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातले होते, ओळीच्या ओळी, दोरीवर कपडे घालावेत तसे. खाली जाळ्यावर बारीक कोळंबीसारखा जवळा पसरलेला. आणि आसपासच्या प्रत्येक खांबावर, छपरावर, नारळावर कावळे. ते घाईत नव्हते. लग्नाच्या मांडवात पहिल्या पंगतीची वाट बघत बसलेल्या पाव्हण्यांसारखे बसले होते.

"पोरांचा काम हाय ते आमच्यात," हिरामावशी म्हणाली आणि तिनं काळी पिशवी बांधलेली काठी शालूच्या हातात दिली. "माझा नातू गेलाय मामाकडं. आज राखण तुझी. कावळा उतरला की ओरडायचा. जोरात. काठीला घाबरत नाय तो, गळ्याला घाबरतो."

शालूनं काठी धरली. तिची छाती जरा पुढं आली. एवढं मोठं काम तिला आजवर कुणी दिलं नव्हतं.

पहिला कावळा उतरला. जवळ्याच्या कडेला बसला, मान वाकडी करून त्यानं ह्या नव्या राखणदाराला नीट पाहून घेतलं. शालू त्याच्याजवळ गेली, वाकली आणि कुजबुजली, "जा ना."

कावळ्यानं एक पाऊल पुढं टाकलं, वलांडीच्या खालच्या ओळीतला बोंबील ओढला, आणि सावकाश उडून गेला.

"अगो, तो काय तुझा जावई हाय? विनवणी काय करतंस त्याची!" हिरामावशी ओरडली. ओसरीवरच्या शेजारणी हसल्या. शालूचं तोंड लालबुंद झालं. ती रडेल असं वाटलं, पण रडायलाही आवाज लागतो. ती नुसती काठी घट्ट धरून उभी राहिली.

रूपाली पुढं झाली. "राहू दे मावशी, मी बसते राखणीला."

"तू बस चुलीशी. तांदळाची भाकरी येते का तुला? का तुमी घाटावरची माणसं नुसती ज्वारी थापता?"

"येते की."

"मग दाखव. पोरीचा पोरीला करू दे."

भाकरीआधी स्वातीनं तिला किनाऱ्यावर नेऊन आणलं. शालू राखण सोडून यायला तयार नव्हती. ओहोटी होती, वाळू लांबवर ओली चमकत होती, आणि खाडीच्या मुखापलीकडं अर्नाळ्याचा किल्ला पाण्यावर ठेवल्यासारखा दिसत होता. वारा एवढा की शेजारी चालणाऱ्या स्वातीशी बोलायलाही ओरडावं लागत होतं. रूपाली ओरडून बोलली. कशाबद्दल, ते तिला नंतर आठवलंही नाही; सासूच्या लोणच्याबद्दल, बिल्डिंगच्या पाण्याबद्दल, लग्नाआधी ती भजनी मंडळात पेटीवाल्याच्या नाकावर टिच्चून वरच्या पट्टीत गायची त्याबद्दल.

"तू? गायचीस?" स्वाती थांबली. "चार वर्षं शेजारी राहते, मला तुझा आवाज आज कळतोय."

रूपाली हसली. घसा जरा दुखत होता, बरेच दिवस न चाललेले पाय चालल्यावर दुखतात तसा, आणि त्या दुखण्याचं तिला बरं वाटत होतं.

चुलीपुढं बसून ती भाकऱ्या थापायला लागली. पहिली फाटली, दुसरी हिरामावशीनं पास केली. बाहेरून मधूनमधून कावळ्यांचा कलकलाट येत होता, काठीची पिशवी फडफडत होती. स्वाती आणि तिची आई एका भाच्याच्या लग्नावरून वाद घालत होत्या. तो वाद नव्हता, साध्या गप्पा होत्या, हे रूपालीला बऱ्याच वेळानं कळलं. धूर डोळ्यांत जात होता. मन कसं निवांत झालं होतं.

आणि बाहेरून आवाज आला.

"हाऽऽऽड!"

चिरका, फाटका, गंज चढलेलं दार एकदम उघडावं तसा. रूपालीला क्षणभर कळलंच नाही की हे कोण. मग कळलं. आणि कळताक्षणी ती पिठाच्या हातांनी उठली, उंबरा ओलांडून धावत अंगणात गेली, आणि तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "श्श्श! शालू! श्श्श!"

शालू वाळूत उभी होती, काठी वर धरलेली, तोंड अजून उघडं. आईचं बोट बघून तिनं तोंड मिटलं. काठी खाली आली. उडालेले कावळे एकेक करून परतले आणि नारळाच्या झावळीवर बसले.

हिरामावशी मागून दारात आली होती. ह्या वेळी ती ओरडली नाही. तिनं रूपालीच्या ओठांवरच्या त्या पिठाळलेल्या बोटाकडं पाहिलं आणि विचारलं, "बाय, इथं कोण झोपलंय?"

रूपालीनं आजूबाजूला पाहिलं. वाळत घातलेली जाळी. वाळूवर कलंडलेल्या होड्या. भर दुपारचं ऊन, वारा, लांबवर समुद्राचं गाजणं. कुणीसुद्धा झोपलेलं नव्हतं. तिनं बोट खाली घेतलं. ओठांवर पीठ लागलं होतं, ते जिभेला चिकट लागलं.

मोनाली मॅडमना ती 'लाजते' म्हणाली होती. सुजितला 'खेळ मी शिकवला' म्हणाली होती, तेही खरं म्हणजे तो 'तसं नाही गं' म्हणेल म्हणून. आता मात्र पोरीच्या मिटलेल्या तोंडाकडं बघून तिला कळलं की खेळ संपलाच नव्हता, तो ती अंगावर घालून आली होती, इतक्या लांब.

एक कावळा जवळ्यावर उतरला. शालूनं त्याच्याकडं पाहिलं, मग आईकडं. ओरडू की नको, ते ती विचारत होती.

रूपाली त्या कावळ्यावर धावून गेली. "हाऽऽड! हाड मेल्या! जातोस का नाही!" तिचा आवाज वरच्या पट्टीत गेला, मध्येच फाटला, खोकला आला, तरी ती ओरडत राहिली. "तुझ्या बापाचा जवळा आहे का रे! हाऽऽड!" कावळा गेला, त्याच्यामागं छपरावरचे गेले, आणि एक मांजर आपला काही संबंध नसताना होडीखाली पळालं.

ओसरीवर शेजारणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. "घाटावरची बाई तर भारी निघाली गो!"

रूपाली वाळूत मटकन बसली. शालू काठी ओढत आली आणि तिच्याशेजारी बसली. तिनं लगेच ओरडून वगैरे दाखवलं नाही. बराच वेळ ती आईचं तोंड निरखत होती, जणू आतून हे एवढं कुठून निघालं ते शोधत होती. मग तिच्या गळ्यातून एक बारीकसा आवाज आला, उचकीसारखा. पुन्हा आला. ती हसत होती. फार थोडं, चाचपत, पाण्यात पहिलं पाऊल टाकावं तसं. पण ते कानांनी ऐकू येत होतं.

जेवणं झाल्यावर दुपारभर दोघींनी मिळून राखण केली. एकदा आई ओरडायची, एकदा लेक. शालूचा आवाज कधी यायचा, कधी नुसतंच तोंड उघडायचं. कधी एवढा मोठा यायचा की तीच दचकून मागं बघायची. तरी कावळ्यांनी दोन-चार बोंबील नेलेच. "त्यांचा वाटा हाय तो," हिरामावशी म्हणाली, आणि निघताना मूठभर सुकट कागदात बांधून शालूच्या हातात दिली. "राखणीची मजुरी. नाव काय तुझा?"

"शालू," शालू म्हणाली. घोगरं, पण पहिल्याच फटक्यात.

स्वाती आईकडंच राहिली. परतीच्या एसटीत शालूनं कंडक्टरला कावळ्यांची हकिकत सांगितली. लोकलमध्ये शेजारच्या बाईंना सांगितली, त्यांनी न विचारता. बोईसरला रिक्षावाल्या भैयालाही तिनं सोडलं नाही. "भैया, मैंने कौआ भगाया!"

"अरे वा! कितने?"

"सगळे!"

रिक्षावाला हसला. रूपाली बाहेरच्या उजेडाकडं बघत होती. अंगाला माशांचा आणि धुराचा वास येत होता, केसांत वाळू होती, आणि एका दिवसात ती कितीतरी लांबच्या प्रवासाहून आल्यासारखी हलकी झाली होती. उद्या सकाळी बागेत बळवंतकाकांना सांगायचं, हिला पुढं उभी करा, असं तिनं ठरवलं. मोनाली मॅडमना सांगायचं, थोडे दिवस द्या. दर महिन्याला एक तरी रविवार कुठं तरी जायचं; माकुणसार, केळवे, नाहीतर नुसतं वैतरणेच्या खाडीकाठी. सगळं जमण्यासारखं वाटत होतं.

रिक्षा बिल्डिंगच्या फाटकाशी थांबली. दिवस कलला होता. वर त्यांच्या बेडरूमच्या खिडकीचे पडदे घट्ट ओढलेले होते. सुजित तासा-दोन तासांपूर्वी आला असणार, डबा खाऊन पडला असणार, आणि थोड्या वेळानं उठून पुन्हा निघणार.

शालू बोलता बोलता थांबली. कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं वाकून एक सँडल काढली, मग दुसरी, आणि दोन्ही हातांत धरून आईची वाट बघत पहिल्या पायरीशी उभी राहिली.

रूपालीला ते पाहवलं नाही. तिनं तिथंच बसून तिच्या पायात सँडल परत घातल्या, बंद लावले. "शालू, ऐक माझं. तो मांजरीचा खेळ आता संपला. आता नाही खेळायचा. आता मोठ्यानं बोलायचं, कळलं? शाळेत बोलायचं, बागेत बोलायचं, जिन्यात बोलायचं, घरात..."

घरात, हा शब्द तोंडातून गेला आणि ती थांबली.

शालूनं मान वर करून त्या पडद्यांकडं पाहिलं. मग आईकडं पाहिलं, आणि दिवसभर ओरडून बसलेल्या, पण चांगल्या ऐकू येणाऱ्या आवाजात विचारलं, "मग आई, बाबांनी कुठं झोपायचं?"